ग्रेन बाउंडरीचं मॉडेलिंग शिकायचंय? आपल्याकडच्या एम.एस्सी.च्या मुलांसाठी

जळगावला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मल्टिस्केल मॉडेलिंगसाठी कुठलं सॉफ्टवेअर शिकू?’ मल्टिस्केल मॉडेलिंग म्हणजे अणूपासून अख्ख्या वस्तूपर्यंतच्या पातळ्यांची गणितं एकमेकांना जोडणं. सॉफ्टवेअर नंतर. आधी एक खराखुरा इंटरफेस, म्हणजे पदार्थातले दोन भाग जिथे भिडतात ती सीमा, निवडा.

मी भुसावळचा. दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र जवळच, म्हणून मी बॉयलर ट्यूबचं पोलाद धरलं. अशी नळी ५०० अंश सेल्सिअसच्या वर वर्षानुवर्षं दाबाखाली राहिली की धातू हळूहळू ताणला जातो. याला क्रीप म्हणतात. त्यात ज्या बारीक पोकळ्या धरतात, त्या बहुतेक ग्रेन बाउंडरीवर, म्हणजे दोन स्फटिककण जिथे भिडतात तिथे.

आता अडचण बघा. डीएफटीत, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या पातळीवरून ऊर्जा काढणाऱ्या क्वांटम गणितात, काही शे अणू मावतात. सीमेवर फॉस्फरस साचला तर लोखंड ठिसूळ का होतं आणि बोरॉनने पकड का वाढते, ते तिथे समजतं. मॉलिक्युलर डायनॅमिक्समध्ये, म्हणजे अणूंची हालचाल पायरीपायरीने मोजायच्या पद्धतीत, लाखो अणू घेता येतात, पण एक पायरी साधारण एक फेम्टोसेकंदाची. १० लाख पायऱ्या चालवल्या तरी हाती एकच नॅनोसेकंद. नळीचं आयुष्य तर वर्षांत मोजतात. म्हणून खालून सीमेची ऊर्जा, विसरणाचा वेग असे आकडे काढून फेज-फील्डला (कणांची रचना कशी बदलत जाते ते दाखवणारी पद्धत) द्यायचे आणि तिथून पुढे फायनाइट एलिमेंटला (अख्ख्या नळीवरचा ताण काढणारी पद्धत). कुठला आकडा वर जातो आणि त्यात चूक किती, हे सांगता येणं म्हणजेच हा विषय येणं. चारही पद्धती अर्धवट येण्यापेक्षा एक पक्की करा आणि शेजारच्या पातळीला काय लागतं ते जाणून घ्या.

पहिला सराव तांब्याच्या सिग्मा-५ सीमेचा करा, म्हणजे जिथे दोन कणांच्या जाळीतला दर पाचांतला एक बिंदू जुळतो त्या सीमेचा. लॅम्प्स हे मॉलिक्युलर डायनॅमिक्सचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. सीमेसह पेटीची, म्हणजे गणितात घेतलेल्या तुकड्याची, ऊर्जा काढा, तेवढ्याच अणूंची अखंड स्फटिकातली ऊर्जा त्यातून वजा करा आणि सीमेच्या क्षेत्रफळाच्या दुपटीने भागा. दुपटीने अशासाठी की पेटी तिन्ही दिशांना आवर्ती (एक बाजू संपली की समोरची सुरू) असली की तिच्यात एक नाही, दोन सीमा येतात. एकच रचना घेऊन मात्र थांबू नका. एक कण दुसऱ्यावर थोडाथोडा सरकवा, फार जवळ आलेले अणू काढा, आणि येणाऱ्या ऊर्जांमधली सर्वांत कमी ती घ्या. (३१०) प्रतलासाठी चांगल्या ईएएम पोटेन्शियलने (धातूतल्या अणूंची आपसातली ऊर्जा देणारं सूत्र) उत्तर ०.९ ज्यूल प्रति चौरस मीटरच्या आसपास यायला हवं. रन लांबचा असेल तर रीस्टार्ट फाइल ठरावीक पायऱ्यांनी लिहून ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल, नेम नाही.

डीएफटीसाठी क्वांटम एस्प्रेसोही मोफत आहे, पण सीमेची गणितं लॅपटॉपला झेपत नाहीत. पुण्याच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ महासंगणक आहे. अशा यंत्रावर वेळ मिळतो तो बहुधा मार्गदर्शकामार्फत. त्यांना पहिला मेल लिहाल तेव्हा नुसता बायोडाटा पाठवू नका. तांब्याच्या ऊर्जेचा आलेख जोडा आणि कुठलं पोटेन्शियल वापरलं, का वापरलं, हे दोन ओळींत लिहा.