पिल्लाच्या लसी: शेवटचा डोस चुकवू नका

पहिली लस हौसेनं दिली जाते, दुसरी कशीबशी, आणि तिसरीपर्यंत कुत्र्याचं पिल्लू घरभर धुडगूस घालत असतं म्हणून ती राहूनच जाते. नेमकी तीच राहू द्यायची नसते.

आईच्या चिकातून पिल्लाला प्रतिपिंडं मिळतात. ती सुरुवातीचे काही आठवडे त्याला जपतात, पण लसीचा परिणामही होऊ देत नाहीत. एखाद्या पिल्लात ती सहाव्या आठवड्यात ओसरतात, एखाद्यात सोळाव्यापर्यंत टिकतात. बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. 45 दिवसांचं पिल्लू 'सगळ्या लसी झाल्यात' म्हणून कुणी विकत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

1. आधी जंत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी जंतनाशक, मात्रा वजनावर. ताप किंवा जुलाब असतील तर डॉक्टर लस पुढे ढकलतात.

2. वय 6 ते 8 आठवडे: पहिली एकत्रित लस. ती डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस, पॅराइन्फ्लुएन्झा आणि बहुतेक लसींत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या रोगांवर असते. 'सेव्हन इन वन', 'नाइन इन वन' ही नावं याच प्रकारातली.

3. पुढे दर 3-4 आठवड्यांनी तीच लस. शेवटचा डोस 16 आठवडे पूर्ण झाल्यावरच.

4. तीन महिन्यांचं झालं की रेबीज. बूस्टर कधी ते डॉक्टर सांगतील. आपल्याकडे त्यानंतर दरवर्षी देतात. लेप्टोचंही तसंच. तो उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येतो आणि माणसालाही होतो, तेव्हा वार्षिक डोस पावसाळ्याआधी उरकलेला बरा.

दवाखान्यात डोळे उघडे ठेवा. लस 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागते, त्यामुळे कुपी फ्रीजमधून निघाली पाहिजे. एकत्रित लसीत सहसा एका कुपीत भुकटी आणि दुसरीत द्रव असतो. ते तुमच्यासमोरच मिसळायला सांगा. कुपीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते. लगेच निघू नका, अर्धा तास थांबा. तोंड सुजलं, उलट्या किंवा धाप सुरू झाली तर तिथल्या तिथे उपचार होतात. घरी आल्यावर दिवसभर मरगळ किंवा किंचित ताप चालतो.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत खाली सोडू नका. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जगतो आणि नुसत्या फिनाइलला दाद देत नाही. फरशीला ब्लीचचं पाणी लागतं, एका भागाला तीस भाग पाणी. मात्र घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन रिक्षा, गर्दी, फटाक्यांचे आवाज दाखवा. याच वयात त्याची भीती मोडते.

दत्तक घेतलेल्या मोठ्या कुत्र्याचं कार्ड नसेल तर लस झालीच नाही असं धरा. सहसा एकत्रित लसीचे दोन डोस 3-4 आठवड्यांच्या अंतरानं आणि रेबीजचा एक पुरतो.

लस दिलेला कुत्राही चावला तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. हळद, चुना काही लावू नका.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत महापालिकेचा परवाना काढताना रेबीजचं प्रमाणपत्र मागतात, म्हणून कार्डाचा फोटो मोबाइलमध्येही ठेवा.