जुनी फॉर्च्युनर घेताय? या चुका टाळा

"टोयोटा आहे, डोळे झाकून घे." जुनी फॉर्च्युनर बघायला निघालेल्याला हा सल्ला हमखास मिळतो, आणि पहिली चूक तिथेच होते. मॉडेल दणकट आहेच, पण समोरची गाडी आधीच्या मालकाने कशी वापरली, हे बॉनेटवरचा लोगो सांगत नाही.

२००९ साली भारतात आलेल्या पहिल्या पिढीतल्या ३.० लिटर डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची चाल जुळवणारा पट्टा आहे. साधारण दीड लाख किलोमीटरला तो बदलावा लागतो. धावत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावंच लागतं. गाडी १ लाख ४० हजार फिरलेली असेल तर हा खर्च किमतीतून कमी करून घ्या. २ लाख फिरलेली असेल तर बेल्ट बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बेल्ट जुनाच आहे असं धरून चाला. २०१६ च्या अखेरीस आलेल्या २.८ लिटर डिझेलला चेन आहे, त्यामुळे तिथे ही काळजी नाही.

बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांतली) डिझेल घेताना मात्र कमी रनिंगला भुलू नका. तिच्यात काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो आणि तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते. फक्त घर-शाळा-ऑफिस केलेल्या गाडीचा फिल्टर तुंबलेला असू शकतो.

आणखी एक चूक फार जण करतात: गरम इंजिन ऐकून निर्णय घेतात. मालकाला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गार इंजिनाचा पहिला स्टार्ट, खडखड, धूर, सगळं तेव्हाच कळतं.

२०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण पाण्याखाली होतं; समोरची गाडी पुरात बुडालेली असू शकते, हे लक्षात असू द्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीची रेघ दिसते का बघा. कार्पेट उचला, सीटखालच्या रुळांवर गंज शोधा. पॉलिश करणारा तिथपर्यंत सहसा पोचत नाही. कोकणातली गाडी असेल तर रॅम्पवर चढवून चासीवरचा (खालच्या सांगाड्यावरचा) गंजही तपासा.

फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) गाडी असेल तर मोकळ्या मातीच्या जागेत तिची हाय आणि लो रेंज दोन्ही लावून बघाच. वर्षानुवर्षं न वापरल्याने ही यंत्रणा अडकू शकते.

कागदपत्रांत सगळ्यात महाग चूक म्हणजे दिल्लीची स्वस्त गाडी. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्याने किंमत पडलेली असते, पण इकडे आणल्यावर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. तो आकडा आधी काढा, मगच भाव करा. आरसीवर कर्जाची नोंद असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म) हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.