पोषणद्रव्यांच्या रीसायकलिंगवर पीएचडी करताय? आधी किलोंचा हिशोब लावा

चक्राकार जैव-अर्थव्यवस्था (जैविक कचरा टाकून न देता परत वापरात आणणारी व्यवस्था), प्रादेशिक पातळीवर पोषणद्रव्यांचा पुनर्वापर, असा विषय पीएचडीला घेतला की बहुतेक जण पहिल्या महिन्यापासूनच तंत्रज्ञानाच्या मागे लागतात, कुणी स्ट्रुव्हाइट (सांडपाण्यातून काढलेले फॉस्फेटचे स्फटिक) म्हणतं, कुणी बायोचार (हवेविना भाजून केलेला जैविक कचऱ्याचा कोळसा), कुणी माशीच्या अळ्या, कुणी शैवाल. माझं म्हणणं आहे की हे सगळं नंतर. आधी तुमच्या प्रदेशात नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) येतंय कुठून, साचतंय कुठे, गळतंय कुठे आणि लागतंय कुठे हे किलोमध्ये मांडा. कारण रीसायकल केलेलं खत जर गरज नसलेल्या जमिनीवरच जाऊन पडणार असेल तर त्याला रीसायकलिंग म्हणायचंच कशाला, कचऱ्याची जागा बदलली एवढंच झालं.

सुरुवात प्रदेशाची हद्द ठरवण्यापासून. इथे घाई करू नका. खतविक्री, जनावरांची संख्या, पिकाखालचं क्षेत्र हे आकडे प्रशासकीय हद्दीनुसार मिळतात आणि पाणी मात्र खोऱ्याच्या हद्दीने वाहतं, त्यामुळे दोन्ही एकदम जुळणार नाही हे धरूनच चला. मी तर डेटा जिथे आहे ती हद्द घ्यायला सांगेन आणि नदीत जाणारं वेगळं काढून दाखवा. पण एक बघा, जनावरं दाट असलेला भाग आणि नुसती पिकं घेणारा भाग हे दोन्ही तुमच्या हद्दीत यायला हवेत, नाहीतर शिल्लक कुठेतरी दिसेल आणि ती घेणारं कुणीच दिसणार नाही, मग थिसिसमध्ये सोडवायला काही उरतच नाही. काळ एका वर्षाचा धरला तरी आकडे शक्यतो तीन वर्षांच्या सरासरीचे घ्या, कारण एक दुष्काळ किंवा एक अतिवृष्टी सगळा ताळेबंद वाकडा करते.

घटक कुठला घ्यायचा? स्फुरदापासून सुरू करा. स्फुरद हवेत उडून जात नाही, त्यामुळे आलेलं कुठेतरी सापडलंच पाहिजे, हिशोब जुळतोय की नाही ते लगेच कळतं. नत्राला पळवाटा खूप आहेत, अमोनिया होऊन उडतो, नायट्रस ऑक्साइड होतो, साधा नायट्रोजन वायू होऊन हवेत परत जातो, नायट्रेट होऊन पाण्यातून झिरपतो, आणि उलट बाजूने डाळवर्गीय पिकं हवेतला नत्र आत आणतात, आणि यातलं जवळजवळ काहीच कुठल्या मीटरवर मोजलेलं नसतं. दोघांचा प्रश्नही वेगळा आहे बरं का. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, तो संपणार नाही, तिथे प्रश्न तो पकडायला लागणाऱ्या ऊर्जेचा आणि गळतीचा. स्फुरद खाणीतून येतो, जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी साधारण ७० टक्के मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहेत, आणि युरोपीय संघाने २०१४ साली फॉस्फेट खडक अत्यावश्यक कच्च्या मालाच्या यादीत टाकला. त्यामुळे प्रस्तावनेत दोन्ही घटकांना एकच ‘टंचाई’ची कथा लावू नका, परीक्षक तिथेच पकडतात. पालाश तर लोक विसरूनच जातात. तो पाण्यात सहज विरघळतो, म्हणून सांडपाण्याच्या गाळात फारसा सापडत नाही, प्रक्रिया झालेल्या पाण्याबरोबर निघून जातो. गाळाला ‘संपूर्ण खत’ म्हणण्याआधी हे तपासा.

आता एककं. या विषयातल्या निम्म्याहून जास्त भानगडी इथेच होतात असं मला वाटतं. खताच्या पिशवीवर आणि सरकारी आकडेवारीत स्फुरद बहुतेक वेळा फॉस्फरस पेंटॉक्साइड म्हणून दिलेलं असतं, त्याला ०.४३६ ने गुणलं की शुद्ध फॉस्फरस मिळतो. पालाश ऑक्साइडच्या रूपात असेल तर ०.८३ ने गुणा. नायट्रेटचा आकडा असेल तर ४.४३ ने भागा. अन्न आणि पशुखाद्यात फक्त प्रथिनं दिलेली असतील तर ६.२५ ने भागून नत्र काढतात. शिवाय ओलं वजन की कोरडं वजन, हे प्रत्येक आकड्यासमोर लिहा. स्प्रेडशीटच्या अगदी पहिल्या पानावर हे सगळं टाकून ठेवा आणि कुठलाही आकडा मूळ एककासकट जपा, नुसता रूपांतर केलेला नको, कारण दोन वर्षांनी तो कुठून आला ते तुम्हालाच आठवणार नाही.

मग प्रवाहांचं चित्र काढायचं. सात-आठ चौकोन पुरेत: पिकं आणि जमीन, जनावरं, अन्न आणि पशुखाद्य उद्योग, घरं, घनकचरा, सांडपाणी, नदी-तलाव, आणि हद्दीबाहेरचं जग. पहिल्याच मॉडेलात चाळीस चौकोन काढले तर ते भरायला डेटा मिळत नाही, मग अंदाजावर अंदाज. प्रत्येक बाण म्हणजे वस्तूचं वजन गुणिले त्यातलं प्रमाण, त्याच्यापुढे काही अवघड गणित नाही, अवघड आहे ते विश्वासार्ह आकडा शोधणं. व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठाचं स्टॅन नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते चित्रही काढतं आणि अनिश्चितता धरून आकड्यांचा मेळही घालतं. फक्त त्याला मेळ घालू देण्याआधी कच्चा ताळेबंद स्वतः बघा. सॉफ्टवेअर शंभर किलोची चूक दहा बाणांत थोडी थोडी वाटून टाकतं आणि सगळं छान दिसायला लागतं, पण ती चूक कदाचित एकाच बाणात होती आणि तीच तुमची खरी शोधाची जागा होती!

प्रत्येक आकड्याला अधिक-उणे किती टक्के हे द्याच. मोजलेलं, नोंदीतून काढलेलं, दुसऱ्या प्रदेशावरून उचललेलं आणि तज्ज्ञाने सांगितलेलं, असे चार दर्जे केले तरी चालतं, पण नियम आधी लिहा आणि मग सगळ्या आकड्यांना तोच लावा.

तपासणी करायच्या दोन पद्धती सांगतो ज्या खरंच उपयोगी पडतात. एक, माणूस वर्षाला मलमूत्रातून साधारण अर्धा किलो फॉस्फरस आणि ४ ते ५ किलो नत्र टाकतो. याला लोकसंख्येने गुणा आणि सांडपाणी केंद्रात प्रत्यक्ष किती येतं त्याच्याशी ताडून बघा. कमी आलं तर घरं जोडलेली नाहीत, गटारं गळतायत किंवा केंद्राला बगल देऊन पाणी सोडलं जातंय, जास्त आलं तर कुठला तरी उद्योग पाणी सोडतोय. दुसरं, जनावरांच्या शेणमूत्राचा आकडा घनफळ गुणिले प्रमाण असा काढू नका, स्लरीत (शेण, मूत्र आणि पाण्याच्या पातळ मिश्रणात) पाणी किती मिसळलंय हे दर गोठ्यात वेगळं असतं. त्यापेक्षा खाद्यातून आत किती गेलं, त्यातून दूध, मांस, अंड्यांमधून बाहेर किती गेलं, ते वजा करा, उरलेलं शेणमूत्रात आलं. हा आकडा बराच टिकाऊ असतो, आणि बाहेरून आणलेल्या पशुखाद्यातून तुमच्या प्रदेशात किती स्फुरद येतंय हे पण त्यातच उघडं पडतं.

गरजेची बाजू पुरवठ्याइतक्याच कष्टाने करायची. पिकाने किती उचललं हे काढायचं, आणि माती परीक्षणाचे आकडे नकाशावर मांडायचे. जिथे दशकानुदशकं जास्त खत पडलंय तिथे जमिनीत स्फुरदाचा साठा झालेला असतो आणि अशा शेताला कित्येक वर्षं बाहेरचं स्फुरद लागणारही नाही. तिथे तुम्ही कितीही शुद्ध रीसायकल केलेलं स्फुरद न्या, शेवटी ते वाहून तलावातच जाणार. शेणखतात नत्राच्या मानाने स्फुरद जास्त असतं, पिकाला लागतं ते प्रमाण वेगळं, त्यामुळे नत्राच्या हिशोबाने शेणखत टाकलं की स्फुरद आपोआप जास्तच पडतं. युरोपच्या १९९१ च्या नायट्रेट निर्देशात नाजूक क्षेत्रांसाठी (जिथलं पाणी नायट्रेटने दूषित होण्याचा धोका आहे अशा) हेक्टरी १७० किलो शेणखतातल्या नत्राची मर्यादा आहे, पण ती नत्राची आहे, ती पाळूनही स्फुरद साचू शकतं.

आता कुठे तंत्रज्ञानाची पाळी. आणि इथे प्रत्येक पद्धतीला एकच प्रश्न विचारायचा: कुठला घटक, कुठल्या रूपात, किती किलो, आणि बाकीचं गेलं कुठे?

स्ट्रुव्हाइट घ्या. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट एकास एक एक रेणू असं जुळून त्याचे स्फटिक होतात, त्यात फॉस्फरस सुमारे १२.६ टक्के आणि नत्र फक्त ५.७ टक्के. सांडपाण्यात नत्र स्फुरदापेक्षा खूप जास्त असतो, म्हणजे स्ट्रुव्हाइटने नत्राचा प्रश्न सुटत नाही, त्याचा लहानसा हिस्साच पकडला जातो. शिवाय फॉस्फेट पाण्यात विरघळलेलं हवं. केंद्रात लोहाचे क्षार टाकून फॉस्फरस काढत असतील तर तो गाळात बांधला गेलेला असतो, जीवाणूंच्या मदतीने काढत असतील तर स्ट्रुव्हाइट शक्य होतं. हा प्रश्न केंद्राच्या ऑपरेटरला पहिल्याच भेटीत विचारा, आणि पाइपात पांढरे खडे कुठे धरतात तेही विचारा, तो स्ट्रुव्हाइटच असतो बहुतेक आणि त्या माणसाला त्याची जागा पाठ असते.

गाळ जाळला तर स्फुरद राखेत राहतं आणि नत्र हवेत जातो. राखेतलं स्फुरद पिकाला सहज मिळत नाही, त्यावर आम्लाची किंवा उष्णतेची प्रक्रिया लागते. बायोगॅसने पोषणद्रव्यं वाढत नाहीत आणि कमीही होत नाहीत, सेंद्रिय नत्राचा बराच भाग अमोनियम होतो आणि सामूही (पीएच) वाढतो, त्यामुळे स्लरी उघड्या टाकीत ठेवली किंवा जमिनीवर नुसती शिंपडली तर अमोनिया उडून जातो. टाकीला झाकण आणि जमिनीत सोडायचं यंत्र हे तुमच्या मॉडेलात असलंच पाहिजे, दिसायला साधं आहे पण नत्राच्या हिशोबात याने पडणारा फरक एखाद्या महागड्या रिअॅक्टरपेक्षा जास्त असू शकतो. कंपोस्टमध्येही तसंच, कार्बन कमी आणि नत्र जास्त असलेला ढीग अमोनिया सोडत राहतो.

लघवी वेगळी करण्याबद्दल मला विशेष आस्था आहे. सांडपाण्याच्या घनफळात ती साधारण १ टक्का, पण नत्राचा सुमारे ८० टक्के आणि स्फुरदाचा निम्मा हिस्सा तिच्यात. (फॉस्फरस हे मूलद्रव्य पहिल्यांदा वेगळं काढलं तेच मुळी लघवीतून, हॅम्बुर्गमध्ये हेनिग ब्रांटने १६६९ मध्ये.) साठवलेल्या लघवीत युरियाचं विघटन होऊन सामू ९ च्या आसपास जातो आणि अमोनिया उडतो, म्हणून आधी ती स्थिर करावी लागते. स्वित्झर्लंडच्या इआवाग संस्थेने नायट्रीकरण (जीवाणूंकडून अमोनियाचं नायट्रेट करून घेणं) आणि मग ऊर्ध्वपातन करून लघवीपासून द्रवरूप खत तयार केलं, आणि तिथे त्याला मान्यताही मिळाली.

पण यातलं काहीही निवडलं तरी शेवटी सगळं अंतरावर येतं. स्लरीत ९० टक्क्यांच्या वर पाणी असतं, ती लांब नेणं म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहणं. घन आणि द्रव वेगळं केलं तर स्फुरद जास्त करून घन भागात जातं, अमोनियम आणि पालाश द्रवात राहतं, मग द्रव जवळच्या शेतात आणि घन दूरच्या स्फुरद कमी असलेल्या जमिनीत असं वाटप बसवता येतं. जीआयएसमध्ये (संगणकावरच्या नकाशा-प्रणालीत) शिल्लक असलेले आणि तूट असलेले ठिपके मांडून हे वाटप काढणं, एवढ्यावर एक आख्खा पेपर होतो आणि धोरण ठरवणाऱ्यांना नेमका तोच लागतो.

दूषित घटकांचं प्रकरण शेवटी ढकलू नका. जड धातू, पशुखाद्यातलं तांबं आणि जस्त, औषधांचे अंश, रोगजंतू, सूक्ष्म प्लास्टिक, सगळं बघावं लागतं. तुलना मात्र खाणीतल्या खताशी करा, शून्याशी नको, त्यातही कॅडमियम असतं, युरोपच्या २०१९/१००९ या खत नियमात फॉस्फेट खतांना पेंटॉक्साइडच्या किलोमागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा घातलीय. कायदा तंत्रज्ञान कसं ठरवतो हे समजायला जर्मनी बघा. तिथल्या २०१७ च्या गाळ नियमाने १ लाख लोकसंख्या-तुल्यापेक्षा (एका माणसाच्या सांडपाण्याइतका भार म्हणजे एक तुल्य) मोठ्या केंद्रांना २०२९ पासून आणि ५० हजारांच्या वरच्यांना २०३२ पासून स्फुरद परत मिळवण्याचं बंधन घातलंय.

कुंडीतले आणि शेतातले प्रयोग पहिल्याच वर्षी सुरू करा, हंगाम तुमच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही. माती उपलब्ध स्फुरद कमी असलेलीच घ्या, नाहीतर कुठल्याच खताचा फरक दिसणार नाही. एक गट स्फुरदाशिवाय आणि खनिज खताचे चार-पाच वेगवेगळे डोस ठेवा, म्हणजे वक्र मिळतो आणि तुमचं खत त्या वक्रावर कुठे बसतं हे सांगता येतं. ‘पीक वाढलं’ एवढ्याने काम होत नाही, एका किलोने खनिज खताचे किती ग्रॅम वाचवले तो आकडा हवा. तोच आकडा जीवनचक्र मूल्यांकनात (उत्पादनाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतच्या पर्यावरणीय परिणामांच्या हिशोबात) वापरा आणि तिथे एकक ‘एक टन कचरा’ न घेता ‘शेतात पोचलेलं पिकाला मिळणारं एक किलो पोषणद्रव्य’ घ्या. नायट्रस ऑक्साइड सोडू नका, शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट आहे, थोडासा असला तरी निकाल फिरवतो.

शेवटच्या प्रकरणातले पर्याय मांडताना पहिला पर्याय रीसायकलिंगचा ठेवू नका. पशुखाद्याची आयात कमी, अन्नाची नासाडी कमी, माती परीक्षणानुसार खत, असा ‘आधी कमी करा’ पर्याय चालवून बघा, आणि त्यानंतर उरलेल्या प्रवाहावर तंत्रज्ञान लावा. शिल्लकच कमी झाली तर आज ठरवलेला प्लांट किती मोठा लागेल याचं उत्तर बदलतं, आणि ते उत्तर प्लांट बांधायच्या आधी मिळालेलं बरं.