१२४ की १४७? स्पर्धेसाठी गोळीचं वजन ठरवताना

नऊ एमएम पिस्तुलाच्या काडतुसांचं रीलोडिंग (वापरलेली केस, म्हणजे काडतुसाचं कवच, घेऊन घरी पुन्हा भरणं) नव्याने सुरू करणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठल्या वजनाची गोळी घेऊ?" रेंजवर चौघांना विचारलं तर चार उत्तरं मिळतात, आणि त्यातलं सगळ्यात ठासून दिलेलं उत्तर म्हणजे "१४७ घे, सगळ्यात मऊ लागते." (हे आकडे ग्रेनमधले; ग्रेन हे गोळीचं वजन मोजायचं एकक.) मला हे उत्तर अपुरं वाटतं. हाताला मऊ लागणं वेगळं आणि दुसऱ्या गोळीसाठी डॉट (ऑप्टिकल साइटमधला नेम धरायचा ठिपका) वेळेत जागेवर येणं वेगळं. मॅचमध्ये गुण या दुसऱ्या गोष्टीचे मिळतात.

मी ह्यूस्टनजवळ राहते, यूएसपीएसए या अमेरिकेतल्या प्रॅक्टिकल शूटिंग संघटनेच्या कॅरी ऑप्टिक्स डिव्हिजनमध्ये (डॉट लावलेल्या पिस्तुलांचा गट) सीझेड शॅडो २ पिस्तूल घेऊन खेळते आणि काडतुसं गॅरेजमधल्या डिलन ५५० या प्रेसवर स्वतः भरते. पुढे लिहिलेलं सगळं अमेरिकेतल्या खेळाडूंसाठी आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, त्यामुळे तिकडच्या वाचकांनी हे फक्त माहिती म्हणून वाचावं. मी मूळची कोल्हापूरची, म्हणून घरचे लोक हमखास विचारतात की नेमबाज राही सरनोबतसुद्धा अशीच काडतुसं भरते का. नाही. तिचा २५ मीटर पिस्तुलाचा प्रकार .२२ रिमफायरवर खेळतात. त्यात प्रायमरचं (पावडर पेटवणारं) रसायन केसच्या कडेतच भरलेलं असतं, ती केस पुन्हा वापरता येत नाही. ते खेळाडू कारखान्यातल्या वेगवेगळ्या लॉटची चाचणी घेऊन त्यातला एक निवडतात.

वजन ठरवण्याआधी पॉवर फॅक्टर ठरवा. गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रति सेकंदातला वेग, भागिले १०००. यूएसपीएसएमध्ये मायनरसाठी (कमी जोराचा वर्ग) किमान १२५ लागतो आणि मेजरसाठी (जास्त जोराचा वर्ग) १६५. प्रॉडक्शन आणि कॅरी ऑप्टिक्समध्ये सगळ्यांचे गुण मायनरनेच धरतात, म्हणून तिथे जास्त जोर लावून काही पदरात पडत नाही. मी १३० धरून चालते. त्या १३० साठी ११५ ग्रेनच्या गोळीला सुमारे ११३० फुटांचा वेग लागतो, १२४ ला १०४८ आणि १४७ ला जेमतेम ८८५.

१२६ वर का थांबत नाही, हे मोठ्या मॅचच्या क्रोनोपाशी (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रापाशी) उभं राहिलं की कळतं. तिथे तुमची आठ काडतुसं घेतात. एक उघडून त्यातली गोळी काट्यावर ठेवतात आणि हिशेबात तेच वजन धरतात. डब्यावर छापलेला आकडा तिथे चालत नाही. समजा तुम्ही १४७ धरून ८५८ फुटांवर समाधान मानलंत. कागदावर १२६ होतात. पण कोटेड (वर पातळ थर दिलेल्या) शिशाच्या गोळ्या साच्यातून ओतलेल्या असतात, त्यात ग्रेन-दोन ग्रेन इकडेतिकडे होतंच. काट्यावर १४५ भरली तर पॉवर फॅक्टर १२४.४ येतो. पुढच्या फैरींनीही तो १२५ वर आला नाही, तर मॅच खेळायला मिळते पण गुण शून्य. म्हणून नवीन डबा उघडला की त्यातल्या दहा गोळ्या स्वतः वजन करून पाहा आणि सगळ्यात हलकी धरून हिशेब करा. शिवाय आमच्याकडे जानेवारीतली सकाळ आणि ऑगस्टमधली दुपार यांत वेग सारखा राहत नाही. क्रोनो दोन्ही ऋतूंत काढावा.

आता वजनाने बदलतं काय? पॉवर फॅक्टर तोच ठेवला तर गोळीचा संवेग तोच राहतो, मग हाताला फरक कसा लागतो? एक कारण पावडर. हलक्या गोळीला जास्त वेग लागतो, म्हणून पावडर जास्त लागते, आणि त्या पावडरचा गॅसही बॅरलच्या तोंडातून प्रचंड वेगाने बाहेर पडताना पिस्तुलाला मागे रेटतो. जड गोळीला थोडीशी जलद जळणारी पावडर पुरते, रेटा कमी होतो. दुसरं कारण वेळ. जड गोळी बॅरलमध्ये जास्त वेळ राहते. ११५ चा धक्का टपलीसारखा चटकन बसतो, १४७ चा कुणी तळहाताने ढकलावं तसा. आवाजातही फरक असतो. वीस अंश सेल्सिअसला हवेत आवाजाचा वेग सुमारे ११२५ फूट असतो, म्हणजे १३० पॉवर फॅक्टरची ११५ ची गोळी नेमकी त्या सीमेवर असते आणि तिचा कडक आवाज येतो. १४७ त्याच्या खूप खाली असते.

इथवर १४७ जिंकते. पण डॉटकडे बघा. शॅडो २ सारखं जड स्टीलचं पिस्तूल धक्का मुळातच बराच गिळतं. त्यात १४७ घातली की स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) सावकाश मागे जाते, सावकाश पुढे येते, आणि माझ्या डोळ्याला डॉट वर चढून तिथेच रेंगाळल्यासारखा दिसतो. मी ट्रिगरवर तयार असते आणि डॉटची वाट बघत बसते. १२४ ला तो थोडा जास्त उडतो पण सरळ वर जाऊन सरळ खाली येतो, आणि माझी दुसरी गोळी वेळेत सुटते. माझ्या शेजारच्या लेनमध्ये नेहमी खेळणारे एक काका लोखंडी साइटवर हलक्या पॉलिमर पिस्तुलाने खेळतात. त्यांना १४७ च हवी, आणि त्यांच्या पिस्तुलाला ती शोभते. हलक्या पिस्तुलात धक्का मऊ होणं ही खरी गरज असते. स्प्रिंगही यात येते: जड गोळीबरोबर पुष्कळ जण थोडी हलकी रिकॉइल स्प्रिंग लावतात, त्याने स्लाइडचा आळस कमी होतो. स्प्रिंग आणि गोळी एकाच दिवशी बदलू नका, कशाने काय झालं ते कळत नाही.

दुकानातून एकदम मोठा खोका आणण्याआधी गोळी तुमच्या बॅरलमध्ये बसते का ते बघा. सीझेडच्या बॅरलमध्ये रायफलिंग (आतल्या पीळदार खाचा) लवकर सुरू होतं आणि १४७ ची चपट्या तोंडाची गोळी तिथे पहिली अडते. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून बॅरल बाहेर काढा. प्रायमर आणि पावडर न घालता एक नमुना काडतूस तयार करा. बॅरल तोंड खाली करून धरा आणि काडतूस वरून चेंबरमध्ये सोडा. 'टक्' असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. मग केसच्या बुडाला बोट लावून फिरवा: मोकळं फिरलं पाहिजे. बॅरल उलटं केलं की काडतूस आपल्या वजनाने हातात पडलं पाहिजे. फिरताना अडलं तर गोळीवर मार्कर फासून पुन्हा घाला. शाई जिथे खरवडली जाते तिथे ती रायफलिंगला लागतेय. अशा वेळी गोळी इंचाच्या शंभराव्या भागाने आत दाबून पुन्हा बघा.

पण आत दाबणं फुकट होत नाही. नऊ एमएमची केस लहान, आणि १४७ ची गोळी लांब. ती आधीच केसमध्ये खोल जाते, पावडरची जागा कमी करते. आणखी दाबली की दाब वाढतो. केसची भिंत बुडाकडे जाड होत जाते, तिथवर गोळी पोचली तर केसला फुगवटा येतो आणि ती चेंबरमध्ये अडकते. लांबी कमी केली की पावडर पुन्हा तक्त्यातल्या सुरुवातीच्या मापापासून वाढवत न्या. आणि हे अगदी कडक सांगते: १२४ साठी दिलेलं पावडरचं माप १४७ मागे कधीही घालू नका. पावडर कंपन्या प्रत्येक वजनासाठी वेगळा तक्ता देतात, आपल्या गोळीच्या वजनाचा आणि प्रकाराचा तक्ता काढायचा. मित्राने मेसेजवर पाठवलेला आकडा तक्ता नव्हे. टाइटग्रुपसारखी पावडर इतकी थोडी लागते की एका केसमध्ये दुप्पट माप सहज मावतं. डिलन ५५० ची प्लेट हाताने फिरवावी लागते, लक्ष विचलित झालं तर त्याच केसमध्ये दुसऱ्यांदा पावडर पडू शकते. प्रेसवर दिवा लावा आणि गोळी ठेवण्याआधी प्रत्येक केसच्या आत डोकावा. माझ्या गॅरेजमध्ये रीलोडिंग चालू असताना फोन दुसऱ्या खोलीत असतो.

क्रिम्पबद्दल (केसचं तोंड गोळीभोवती आवळणं) थोडक्यात: कोटेड किंवा प्लेटेड गोळीला क्रिम्प जास्त झाला तर वरचा थर कापला जातो आणि गोळी हवेत कोलांट्या खाते, टार्गेटवर आडवं भोक दिसतं. केसच्या तोंडाशी व्यास .३७८ ते .३८० इंच भरला की पुरे. तयार काडतुसाचं टोक टेबलाच्या कडेला टेकवून अंगठ्याने जोरात दाबा आणि लांबी पुन्हा मोजा. कमी झाली असेल तर गोळी केसमध्ये ढिली आहे.

आता खरी परीक्षा. बऱ्याच कंपन्या शंभर गोळ्यांची नमुना पाकिटं विकतात. ११५, १२४ आणि १४७ घ्या, जमलं तर १३५ सुद्धा. तिन्ही-चारी वजनं क्रोनोवर एकाच पॉवर फॅक्टरला आणा, एखाद्या अंकाचा फरक चालेल. हे न करता केलेली तुलना खोटी असते, कारण १२८ पॉवर फॅक्टरची १४७ आणि १३६ पॉवर फॅक्टरची ११५ यांत मऊ कोण हे आधीच ठरलेलं आहे. मग एका मॅगझिनमध्ये एकच वजन, असं मित्राला भरायला सांगा आणि कुठल्यात काय आहे ते त्याने सांगायचं नाही. सात यार्डांवर जोड्या (लागोपाठ दोन गोळ्या) मारा, टायमर लावून. मित्राने वेळ आणि भोकं दोन्ही लिहायची, तुम्ही फक्त डॉट कुठे गेला आणि कुठे परतला ते मोठ्याने सांगायचं. आम्ही मैत्रिणींनी असं केलं तेव्हा जिला "मला १४७ शिवाय चालत नाही" असं वाटायचं, तिने सगळ्यात चांगल्या जोड्या १३५ च्या मॅगझिनने मारल्या. नाव माहीत नसलं की हात खरं बोलतो. शेवटी पंचवीस यार्डांवर टेकू घेऊन प्रत्येक वजनाचा ग्रुप (भोकांचा पुंजका) बघा. ज्या गोळीचा ग्रुप पसरतो ती कितीही मऊ असली तरी बाद.

बाकी डिव्हिजनचं उत्तर सोपं आहे. ओपनमध्ये कॉम्पेन्सेटर (बॅरलच्या तोंडाशी बसवलेला, पिस्तूल उसळू न देणारा भाग) गॅसवर चालतो, म्हणून तिथे ११५ किंवा १२४ आणि भरपूर सावकाश जळणारी पावडर. तो नऊ एमएम मेजरचा प्रकार नेहमीच्या दाबाच्या मर्यादेपलीकडे जातो, नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. लिमिटेडमध्ये मेजरसाठी .४० लागतो, तिथे १८० किंवा २००. पंचेचाळीसमध्ये २०० किंवा २३०. २३० ला ७४० फूट मिळाले की १७० होतात. स्टील चॅलेंजमध्ये पॉवर फॅक्टर नसतोच आणि प्लेट पाडायच्याही नसतात, स्लाइड भरवशाने चालेल इतकं मऊ भरा.

वजन पक्कं झालं की एकाच लॉटच्या गोळ्या हंगामभर पुरतील एवढ्या घ्या, आणि पहिल्या मॅचआधी डॉट नव्याने झीरो करा (नेम आणि मारा जुळवा). १२४ वरून १४७ वर गेलात तर मारा साधारणपणे थोडा वर बसतो, कारण गोळी बाहेर पडेपर्यंत बॅरलचं तोंड जास्त उचललेलं असतं. सात यार्डांवर हे दिसणारही नाही. पंचवीस यार्डांवरच्या छोट्या पॉपरवर (गोळी लागली की पडणारं स्टीलचं टार्गेट) मात्र दिसतं.