संस्थेची इतिवृत्त वही पहिल्या सभेपासून ठेवावी
महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था स्थापन करण्यासाठी किमान सात सभासद लागतात, आणि पुढे १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही नोंदणी करावी लागते. ही सात नावे केवळ आकडा भरण्यासाठी घेऊ नयेत, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. कारण एखाद्या विश्वस्ताने, म्हणजे संस्थेचा कारभार पाहणाऱ्या मंडळातील सदस्याने, राजीनामा दिला किंवा त्याचे निधन झाले, की ९० दिवसांत हा बदल कळवणारा ‘बदल अर्ज’ धर्मादाय कार्यालयात दाखल करावा लागतो आणि त्यासोबत सभेची सूचना, ठराव व नव्या विश्वस्ताचे संमतिपत्र जोडावे लागते. त्यामुळे पृष्ठक्रमांक घातलेल्या बांधीव वहीत प्रत्येक सभेचे इतिवृत्त लिहून, उपस्थितांच्या सह्या त्याच दिवशी घ्याव्यात.