कमी वजनाच्या बाळाला उराशी कसे घ्यावे

नवजात अतिदक्षता विभागातून बाळ घरी पाठवताना परिचारिका आईला ‘केएमसी देत राहा’ असे आवर्जून सांगते. केएमसी म्हणजे कांगारू मदर केअर, अर्थात बाळाची उघडी त्वचा आईच्या उघड्या छातीला लावून त्याला तिथेच बांधून ठेवण्याची पद्धत. ही सूचना घरी पोहोचेपर्यंत मात्र तिचा अर्थ ‘सकाळ-संध्याकाळ तासभर छातीशी धरा’ एवढाच उरतो, आणि बाकीचे बावीस तास बाळ दुपट्यात गुंडाळलेले, बाजेवर एकटे असते. ज्या बाळाचे वजन अडीच किलोपेक्षा कमी आहे, किंवा जे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मले आहे, त्याला तासाभराने पुरेसा लाभ होत नाही. म्हणून या लेखात बाळाला कसे बांधावे हे तर सांगितलेच आहे, पण त्याहून अधिक भर घरातल्या तासांची मांडणी कशी करावी यावर दिला आहे.

या पद्धतीचा उगम कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे झाला. तिथल्या माता-बाल रुग्णालयात १९७८ च्या सुमारास एकेका इनक्युबेटरमध्ये एकाहून अधिक बाळे ठेवावी लागत होती, संसर्गाने बाळे दगावत होती आणि आईपासून दूर राहिलेली काही बाळे तर रुग्णालयातच सोडून दिली जात होती. डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी स्थिर झालेली बाळे आईच्या छातीला बांधण्यास सुरुवात केली आणि पुढे डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी हे काम त्यांच्याबरोबर वाढवले. त्यामुळे पुष्कळ वर्षे हा यंत्रे नसलेल्यांचा तात्पुरता उपाय समजला गेला. तो समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या चाचणीत १ ते १.८ किलो वजनाच्या सुमारे ३२०० बाळांपैकी निम्म्या बाळांना प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच उराशी देण्यात आले. या बाळांना अतिदक्षता विभागात दिवसाला साधारण १७ तास त्वचास्पर्श मिळाला, तर नेहमीच्या पद्धतीच्या गटात तो जेमतेम दीड तास होता. पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण नेहमीच्या गटात १५.७ टक्के, तर उराशी घेतलेल्या गटात १२ टक्के निघाले. फरक इतका स्पष्ट होता की, देखरेख समितीच्या सल्ल्यावरून २०२० च्या जानेवारीत नव्या बाळांची नोंदणी थांबवण्यात आली. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अकाली किंवा कमी वजनाच्या सर्व बाळांसाठी दिवसाला ८ ते २४ तास, शक्य तितके अधिक, अशी शिफारस केली. आपल्या घराचे उद्दिष्टही हेच असावे: आठ तास हा किमान आकडा आहे, त्यावर समाधान मानू नये.

बाळाला बांधण्यापूर्वी त्याचे सगळे कपडे काढावेत आणि केवळ लंगोट, टोपडे व पायमोजे ठेवावेत. अनेक घरांत झबले तसेच ठेवून वरून पट्टा बांधला जातो. त्याने बाळ आईजवळ राहते खरे, परंतु आईच्या अंगाची ऊब त्याच्यापर्यंत पुरेशी पोहोचत नाही, आणि ऊब हाच तर या पद्धतीचा पाया आहे, कारण अशा बाळाच्या त्वचेखाली चरबीचा थर फारच पातळ असतो व त्याला स्वतःचे तापमान राखता येत नाही. आईने पुढून उघडणारा गाऊन किंवा ब्लाउज घालून तो पूर्ण उघडा ठेवावा. बाळाला दोन्ही स्तनांच्या मधोमध, उभ्या स्थितीत, छातीला छाती लागेल असे ठेवावे. त्याचे पाय बेडकाच्या पायांसारखे दुमडून बाजूंना फाकलेले असावेत, हातही कोपरात दुमडलेले असावेत आणि पोट साधारण आईच्या पोटाच्या वरच्या भागाशी यावे.

यानंतर येते ते सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे मानेची ठेवण. डोके एका बाजूला वळवून हनुवटी किंचित वर उचललेली असावी. हनुवटी छातीवर टेकली तर अशा बाळाची नाजूक श्वासनलिका दाबली जाते आणि मान फार मागे गेली तरी हवेचा मार्ग अरुंद होतो. नाक-तोंड सतत मोकळे आणि आईला दिसेल असे असावे. मग मऊ सुती साडीचा किंवा ओढणीचा रुंद पट्टा बाळाभोवती व आईच्या पाठीभोवती घेऊन बांधावा. पट्ट्याची वरची कड बाळाच्या कानाखाली येईल, म्हणजे आई हलली तरी डोके घसरणार नाही. पट्टा छातीवर घट्ट हवा, पण बाळाच्या पोटावर सैल हवा, कारण लहान बाळ पोटानेच श्वास घेते. आपल्याकडे बाळंतिणीचे पोट ज्या आवेशाने आवळून बांधतात, तो आवेश इथे चालणार नाही. बांधून झाल्यावर आईने उभे राहून पाहावे आणि दोन्ही हात सोडूनही बाळ जागचे हलले नाही, तर बांधणे जमले असे समजावे. वरून गाऊन बंद करावा आणि थंडी असल्यास शाल घ्यावी, मात्र ती बाळाच्या तोंडावर येऊ देऊ नये.

एकदा बाळाला घेतले की किमान तासभर तरी काढू नये. वारंवार काढ-घाल केल्याने त्याची झोप मोडते, श्वासाची लय बिघडते आणि मिळवलेली ऊब वाया जाते. आई बसू शकते, घरात फिरू शकते, पाठीमागे दोन-तीन उशा घेऊन अर्धवट टेकून झोपूही शकते. पूर्ण आडवे होऊन मात्र झोपू नये आणि सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळासह डोळा लागू देऊ नये. बाळ छातीशी असताना चुलीजवळ किंवा गॅसजवळ जाऊ नये व हातात गरम चहाचा कपही घेऊ नये.

आता तासांकडे वळू. आई एकटीने दिवसाचे सोळा-सतरा तास देईल अशी अपेक्षा ठेवणे हा तिच्यावर अन्याय आहे. रुग्णालयात हे तास निघतात, कारण तिथे तिला स्वयंपाक, धुणे आणि पाहुणे नसतात. घरी आले की तिसऱ्या दिवशी बाळ बघायला येणाऱ्यांसाठी ती उठते, चौथ्या दिवशी भांड्यांना हात लावते आणि बाळ पुन्हा दुपट्यात जाते. पद्धत मोडते ती बहुधा याच ठिकाणी. त्यामुळे घरी येण्यापूर्वीच कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे की, सव्वा महिना आईकडे बाळाखेरीज एकही काम राहणार नाही. आपल्या बाळंतिणीच्या खोलीच्या प्रथेत विश्रांतीची ही सोय मुळातच होती. तिचा उपयोग इथे करून घ्यावा.

आई स्नान करील, जेवील, किंवा नुसतीच थोडी मोकळी पडेल, त्या वेळी बाळाला वडिलांनी घ्यावे. वडिलांच्या छातीलाही तीच ऊब असते. आजी, मावशी, आत्या यांनीही घ्यावे. घेणाऱ्याने आंघोळ केलेली असावी, कपडे धुतलेले असावेत, हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवाव्यात. सर्दी-खोकला, ताप किंवा त्वचेचा संसर्ग असलेल्याने आणि धूम्रपान करणाऱ्याने बाळ घेऊ नये. सिझेरियन झालेल्या आईलाही हे जमते, टाक्यांवर भार येणार नाही अशा बेताने बाळ थोडे वर घ्यावे. जुळी बाळे असतील तर एक आईकडे आणि एक दुसऱ्या कोणाकडे, अशी पाळी लावणे सर्वांत सोपे जाते. भिंतीवर एक कागद लावून प्रत्येकाने घेतलेले तास त्यावर लिहावेत. स्मरणावर भरवसा ठेवला की तीन तासांचे सहा होतात.

आजीला ही पद्धत पहिल्यांदा विचित्र वाटणे स्वाभाविक आहे. तिच्या अनुभवात उबेसाठी शेगडीचा शेक आणि धुरी होती. तिला दटावू नये. ऊब हवी हे तिचे म्हणणे बरोबरच आहे आणि धुराने या बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना अपाय होतो म्हणून तीच ऊब आता अंगाची द्यायची आहे, असे समजावून सांगावे. एकदा तिने स्वतः बाळ छातीशी घेतले की पुढचे समजावणे बहुधा लागत नाही.

दूध आईचेच द्यावे. छातीशी असलेले बाळ भूक लागली की तोंड हलवू लागते, ते आईला लगेच कळते आणि दूधही चांगले उतरते. साधारण ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ नीट साधत नाही, त्याला स्वच्छ उकळलेल्या बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने काढलेले दूध पाजावे. बाटली नको, घुटी नको, मध नको. दर दोन तासांनी पाजावे, रात्रीही उठवून. दुधाचे प्रमाण डॉक्टर ठरवतील. आरंभीची घट भरून निघाल्यावर वजन दररोज किलोमागे साधारण १५ ग्रॅम वाढावे, म्हणजे दीड किलोच्या बाळाचे वीस-बावीस ग्रॅम. आंघोळीची घाई करू नये, डॉक्टर सांगेपर्यंत अंग पुसून घेणे पुरे.

घरी सुरुवात करणे सर्वांसाठी नाही. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला आरंभी रुग्णालयातच ठेवले पाहिजे. त्याहून थोड्या मोठ्या, १.५ ते २.२५ किलोच्या बाळांसाठी मात्र घरी सुरू केलेली पद्धतही जीव वाचवते, हे हरियाणात आठ हजारांहून अधिक बाळांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले आहे. तिथे पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. घरी येणाऱ्या आशाताईंना बाळ कसे बांधले आहे ते दाखवावे व वजन करून घ्यावे. त्यांच्या या भेटींमागे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत केलेले घरपोच नवजात सेवेचे काम आहे, ज्याने तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले होते.

बाळ दूध ओढेनासे झाले, निपचित पडले, छातीशी असूनही हातपाय गार किंवा अंग तापलेले लागले, पूर्ण मिनिटभर मोजून श्वास ६० किंवा अधिक भरले, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडू लागला, श्वास मध्येच थांबला, ओठ निळे पडले, झटके आले किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर वाट पाहू नये. १०८ किंवा १०२ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत बाळ उराशीच बांधलेले ठेवावे, कारण वाटेत गारठण्याचा धोका सर्वाधिक असतो.

थांबायचे केव्हा, हे बहुतेक वेळा बाळच सांगते. वजन अडीच किलोच्या आसपास आले की ते पट्ट्यातून हातपाय बाहेर काढते, वळवळते, बांधू लागताच रडते. तेव्हा आग्रह धरू नये. तास हळूहळू कमी करावेत, आणि थंडीच्या रात्री किंवा आंघोळीनंतर अंग गार लागले, तर त्याला पुन्हा थोडा वेळ उराशी घ्यावे.