मोल्सवर्थकर मूळचे कुठले? इंग्रजी आडनावाचा माग काढताना

अठ्ठावीस वर्षं मी मुद्रितशोधन केलं. टेबलावर डाव्या हाताला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश असायचा, बांधणी दोनदा नवी करून घेतलेला. शब्द खरा जुना आहे की लेखकानं आत्ताच पाडलाय, असा वाद झाला की कोणीतरी म्हणायचं, "मोल्सवर्थ बघा हो." रोज एवढं तोंडी असलेलं हे नाव आलं कुठून, हा प्रश्न मात्र मला निवृत्त झाल्यावर पडला. त्याचं उत्तरही मी अर्ध्या मिनिटात देऊन टाकलं. मराठीत मोल म्हणजे किंमत, इंग्रजीत वर्थ म्हणजेही किंमत. म्हणजे नाव दुप्पट मोलाचं! भिशीत चार जणींना सांगितलं, वाहवा मिळवली. आणि ते साफ चूक निघालं.

म्हणून हे लिहिते आहे. एखाद्या इंग्रजी आडनावाचा माग तुम्हाला काढावासा वाटला, मग ते सुनेच्या माहेरचं असो की कॉलेजच्या दगडी पायरीवर कोरलेलं, तर माझ्यासारखं कानानं सुरू करू नका. आडनावाच्या बाबतीत कान फार फसवतो.

आधी आडनाव कोणत्या जातकुळीचं ते ठरवायचं. इंग्रजी आडनावं ढोबळमानानं चार प्रकारची: गावावरून, धंद्यावरून, बापाच्या नावावरून आणि टोपणनावावरून. आपल्याला हे समजायला जड नाही. स्मिथ म्हणजे लोहार, विल्सन म्हणजे विलचा मुलगा, ब्राउन आणि व्हाइट म्हणजे आपले काळे-गोरे. सुरुवात गावावरून पडलेल्या आणि त्यातही विरळ आडनावानं करावी. लोहार प्रत्येक गावात होता, त्यामुळे स्मिथ हे आडनाव शेकडो ठिकाणी आपापलं जन्मलं. त्याचा नकाशा काढून हाती काही लागत नाही. मोल्सवर्थचं तसं नाही. मोल्सवर्थ नावाचं एक गाव इंग्लंडात आजही आहे, हंटिंग्डनच्या पश्चिमेला.

गाव सापडलं की त्याचं जुन्यात जुनं लेखन शोधायचं. सगळी किल्ली इथे आहे, त्यामुळे इथे घाई करू नका. इंग्लंडच्या बहुतेक गावांसाठी हे लेखन १०८६ च्या डूम्सडे बुकात सापडतं. विल्यम राजानं देश जिंकल्यावर वीस वर्षांनी कोणाकडे किती जमीन, किती नांगर याची नोंद करवली, तीच ही वही. ती आता इंटरनेटवर गावाच्या नावानं शोधता येते. गावांच्या नावांचा अर्थ हवा असेल तर नॉटिंगहॅम विद्यापीठाचं एक मोफत संकेतस्थळ आहे. नकाशावर टिचकी मारली की नावाची फोड समोर येते. या कामाला वाहिलेली तिथली संस्था १९२३ पासून एकेका परगण्याचे (म्हणजे काउंटीचे) खंड काढते आहे. हंटिंग्डनशरचा खंड बेडफर्डशरच्या जोडीनं १९२६ मध्येच निघाला.

डूम्सडेत आमचं गाव 'मोलेसवर्दे' असं आहे. त्याचे दोन तुकडे करा. मागचा 'वर्थ' हा जुन्या इंग्रजीतला शब्द, अर्थ कुंपण घातलेली वस्ती. किंमत या अर्थाच्या वर्थशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडची वाडी म्हणा ना. पुढचा तुकडा 'मूल' हे माणसाचं नाव. मधला 'स' षष्ठीचा. म्हणजे मूलची वाडी, बस्स. इथे मराठी वाचकाचा कान पुन्हा टवकारतो: मूल? मुलाबाळांतलं? नाही, तेही नाही. हे मूल म्हणजे लॅटिनवरून आलेलं खेचर, आणि हे नाव लोक खरोखर ठेवत. केंटच्या गादीवर मूल नावाचा एक राजा होता. त्याला ६८७ साली तिथल्या लोकांनी जाळून मारलं. वाडीचा मूल तोच असं मात्र समजू नका. वाडी बांधणाऱ्या शेतकऱ्याबद्दल त्याच्या नावापलीकडे काही उरलेलं नाही.

माझ्या मुलानं इथे शंका काढली. तो केंब्रिजला असतो, इंग्रजी त्याचं माझ्यापेक्षा बरं. म्हणाला, "आई, मोल म्हणजे जमीन पोखरणारा तो प्राणी असेल. मोलची बिळं असलेलं कुंपण." शंका चांगली होती. ती तारखेनं कापायची. त्या प्राण्याला मोल म्हणायला लागले ते चौदाव्या शतकाच्या आसपास. त्याआधी त्याला वेगळाच शब्द होता. गावाचं नाव तर १०८६ च्या वहीत आहे. शब्दाच्या आधी नाव जन्मलं असेल तर ते नाव त्या शब्दावरून आलेलं नसतं. ही एक कसोटी निम्म्या भाकडकथा झटकून टाकते.

आता गावाचं नाव माणसाला कसं चिकटलं? हा भाग आपल्याला इंग्रजांपेक्षा लवकर कळतो, कारण आपल्याकडे 'कर' आहे. संगमनेरात राहणाऱ्याला संगमनेरकर कोण म्हणणार? तिथे सगळेच संगमनेरकर. गाव सोडून पुण्याला आला की तो संगमनेरकर होतो. इंग्लंडातही तसंच. जुन्या कागदांत अशा माणसांच्या नावापुढे 'डी' येतं, म्हणजे 'चा'. पहिल्या एडवर्डच्या राजवटीत शेजारच्या बेडफर्डशर आणि बकिंगहॅमशरचा शेरीफ होता वॉल्टर डी मोल्सवर्थ. मी वहीत सरळ लिहिलं: वॉल्टरराव मोल्सवर्थकर. पुढे 'डी' गळून पडलं आणि नुसतं गावच मागे राहिलं.

म्हणून गावावरून आलेलं आडनाव त्याच गावात शोधत बसू नये. मी हौसेनं गेले होते. एका रविवारी मुलानं गाडीनं नेलं. चर्च, मोजकी घरं, चहूकडे शेतं आणि जवळच हवाई तळाचं लांबच लांब तारेचं कुंपण. १९८० च्या दशकात तिथे क्रूझ क्षेपणास्त्रं आणायची होती, म्हणून शांततावाद्यांनी तळ ठोकला होता. मूलच्या वाडीचं कुंपण गेलं आणि हे आलं, असं मनात येऊन गेलं. गावाच्या पाटीपाशी फोटो काढला. आडनावाच्या शोधात त्या फोटोचा काडीचा उपयोग झाला नाही.

एक सापळा इथेच सांगते. चेशरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचं दुसरं गाव आहे, रेल्वे स्टेशन असलेलं. त्यातला पुढचा तुकडा टेकाडाच्या अर्थाचा, माणसाचा नव्हे. उच्चारात फरक एका 'ड'चा. आणि जुने कारकून जे ऐकू येईल ते लिहीत, एकाच घराण्याचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी. तेव्हा चेशर-लँकेशरकडचा मोल्सवर्थ दिसला तर तो खरंच हंटिंग्डनशरकडचा की 'ड' गाळलेला, हे मागच्या पिढ्या बघितल्याशिवाय ठरवू नका. शोधखिडकीत शंकेच्या अक्षराच्या जागी तारांकन टाकण्याची सोय असते, ती वापरा. मी वहीत दोन्ही गावांसाठी वेगळे रंग ठेवले, निळा आणि हिरवा. ज्याचं ठरत नाही तो पेन्सिलीनं.

मग कागद. नियम एकच: आजच्या माणसापासून मागे जायचं. एखादा सरदार पकडून त्याच्यापासून पुढे येऊ नये. तसं केलं की जो तो सरदाराचाच वंशज निघतो. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. तिची सूची स्वयंसेवकांनी उतरवून फुकट ठेवली आहे, नाव फ्री-बीएमडी. ती तिमाहीवार असते. नोंदणीचा विभाग आणि परगणा यांच्या सीमा जुळतीलच असं नाही, तेवढं ध्यानात ठेवा. त्याच्या मागे चर्चच्या वह्या. त्या १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलच्या हुकुमानं सुरू झाल्या, पण सगळीकडच्या उरलेल्या नाहीत. त्याच्याही मागे गेलात तर १३७७, १३७९ आणि १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्या. शेवटच्या पट्टीनं तर शेतकऱ्यांचं बंड झालं. आपल्याला त्यातून मिळतात ती साध्या माणसांची नावं, आडनावं नुकती पक्की होत असतानाची.

मधला आधार जनगणनेचा. नावानिशी जनगणना १८४१ पासून दर दहा वर्षांनी आहे. १८४१ च्या वयांवर विश्वास टाकू नका. पंधरा वर्षांवरच्यांचं वय खालच्या पाचाच्या पाढ्यात आणून लिहायची सूचना होती, त्यामुळे एकोणचाळीसचा माणूस पस्तीसचा दिसतो. १८५१ पासून जन्मगाव लिहिलेलं असतं. तो रकाना सोन्याचा. माणूस मँचेस्टरला गिरणीत आहे, पण जन्मला कुठे? त्यावरून घराणं एक पिढी मागे सरकतं. शंभर वर्षं झाल्यावरच जनगणना खुली होते. १९२१ ची २०२२ मध्ये झाली. पुढची येईल म्हणून वाट बघू नका: १९३१ ची आगीत जळाली आणि १९४१ ला युद्धामुळे झालीच नाही.

आता आडनाव कुठे कुठे पसरलं ते. यासाठी सर्वांत सोयीची १८८१ ची जनगणना. ती पूर्ण उतरवलेली असून फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खातं काढलं की फुकट शोधता येते. परगण्यानुसार आकडे काढून कागदावर मांडा. आणि इथे दुसरी चूक होते, मीही केली. नुसते आकडे बघितले तर प्रत्येक आडनाव लंडन नाहीतर लँकेशरचं वाटतं, कारण माणसंच तिथे जास्त. समजा एखाद्या आडनावाचे लँकेशरात शंभर लोक आहेत आणि हंटिंग्डनशरात फक्त दहा. लँकेशरची तेव्हाची वस्ती चौतीस लाखांवर, म्हणजे चौतीस हजारांत एक. हंटिंग्डनशरची साठ हजारांच्या आत, म्हणजे सहा हजारांतच एक. दाटी कुठे आहे? दहा असलेल्या ठिकाणी. भागाकार केल्याशिवाय नकाशा रंगवायचा नाही. परगणेही जुने घ्या. हंटिंग्डनशर १९७४ पासून केंब्रिजशरमध्ये आहे, आजच्या नकाशावर ते वेगळा परगणा म्हणून सापडत नाही.

गपी नावाच्या गृहस्थांनी १८९० मध्येच यावर एक युक्ती काढली होती. त्यांनी सगळी माणसं मोजलीच नाहीत, फक्त शेतकरी मोजले. जमीन असलेला माणूस सहसा हलत नाही, तेव्हा आडनावाचं माहेर तोच दाखवेल. कुळकायद्याच्या उताऱ्यांत आयुष्य गेलेल्या माझ्या नवऱ्याला ही युक्ती इतकी पटली की पुढचे आठ दिवस त्यानं माझी सगळी बेरीज करून दिली.

समुद्रापलीकडे गेल्यावर जरा सांभाळून. मोल्सवर्थांची एक शाखा कॉर्नवॉलमध्ये पेनकॅरोला स्थिरावली. दुसरी आयर्लंडात गेली आणि १७१६ मध्ये तिच्यातला रॉबर्ट व्हायकाउंट, म्हणजे सरदार, झाला. डब्लिनचा मोल्सवर्थ स्ट्रीट आयर्लंडच्या संसदेसमोर निघतो. गंमत म्हणजे न्यूझीलंडची संसदही वेलिंग्टनच्या मोल्सवर्थ स्ट्रीटवरच आहे. पण तो रस्ता पेनकॅरोच्या सर विल्यम मोल्सवर्थच्या नावानं आहे, आणि तो तिथे राहायला कधी गेला नाही. पाटीवर नाव आहे म्हणजे गावात घराणं आहे असं होत नाही, नाहीतर लक्ष्मी रोडला सगळ्या लक्ष्म्याच राहिल्या असत्या. जमैकाची गोष्ट वेगळी आणि कडू. हेंडर मोल्सवर्थ सतराव्या शतकात तिथे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा प्रतिनिधी होता, पुढे गव्हर्नरीही सांभाळली. कॅरिबियन बेटांवर गुलामांना पुष्कळदा मालकांची आडनावं लागली. तिथे इंग्रजी आडनाव सापडलं तर ते रक्ताचं नातं धरून वंशवृक्षाला जोडू नका.

पैसे कुठे घालवू नयेत तेही सांगते. एका पर्यटनस्थळी दुकानात 'तुमच्या आडनावाचं राजचिन्ह' फ्रेम करून मिळत होतं. मी मोल्सवर्थचं घेतलं, सुंदर होतं. नंतर कळलं की इंग्लंडात असं चिन्ह एका माणसाला आणि त्याच्या वारसांना मिळतं, आडनावाला मिळतच नाही. ती फ्रेम आता स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या मागे आहे, भिंतीचा पोपडा झाकायला.

कोशकार जेम्स मोल्सवर्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतला. १८३१ च्या पहिल्या आवृत्तीला त्याच्या मदतीला जॉर्ज आणि थॉमस कँडी हे भाऊ होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीलाही थॉमस कँडी होताच. मराठीत आज आपण स्वल्पविराम, पूर्णविराम देतो त्यात या थॉमसचा हात मोठा, म्हणजे माझा पगारच त्याच्यामुळे. तेव्हा पुढची वही कँडीची. पहिल्या पानावर नाव लिहून त्याखाली मी लगेच दोन शब्द लिहिले आणि तिथल्या तिथे आडव्या रेघेनं खोडले: खडीसाखर, आणि वजनाची खंडी. भिशीत अजून कोणाला काही सांगितलेलं नाही.